येऊ दे

"हं, आता गाडी मागं घ्यायची," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या.

शब्द कानावर पडायचा अवकाश, त्यानं दार उघडलं, खाली उडी मारली, धावत ट्रकच्या मागं जाऊन उभा राहिला आणि पत्र्यावर दोन थापा मारून आवाज लावला, "येऊ दे! येऊ दे! येऊ दे!"

ट्रक जागचा हलला नाही. हलणार कसा? चालवायच्या सीटवर कोणी नव्हतंच.

डावीकडच्या खिडकीतून बाईंनी डोकं बाहेर काढलं. "अहो, येऊ दे ते ठीक आहे. पण आणणार कोण? तुमचे तीर्थरूप?"

मैदानाच्या कडेला आपल्या पाळीची वाट बघत बसलेले शिकाऊ खो खो हसले. चाळिशी उलटलेला तो गृहस्थ कानापर्यंत लाल झाला. खांद्यावरच्या फडक्यानं त्यानं उगाचच तोंड पुसलं आणि परत सीटवर चढला. "सवय हो, बाई," तो पुटपुटला.

सवय तरी काय साधीसुधी! मिसरूड फुटायच्या आत तो क्लीनर म्हणून ट्रकवर चढला होता. टायर ठोकून हवा बघायची, काच पुसायची, ताडपत्रीच्या दोऱ्या आवळायच्या, ड्रायव्हरला डुलकी लागू नये म्हणून तोंडाची टकळी चालू ठेवायची, आणि गाडी मागं घ्यायची वेळ आली की खाली उतरून ओरडायचं, येऊ दे. त्या ओरडण्यावरून गोदामातले हमाल त्याला येऊदे म्हणायला लागले आणि तेच नाव चिकटलं. बायकोसुद्धा चिडली की "अहो येऊदे" अशीच हाक मारायची.

त्याचे ड्रायव्हर म्हणजे उस्ताद. दोघांनी सगळं आयुष्य त्या एका केबिनमध्ये काढलं, उस्ताद उजवीकडे आणि येऊदे डावीकडे. उस्तादांना मागंपुढं कोणी नव्हतं. राहायला एक खोली होती, पण तिथं ते पाहुण्यासारखे जायचे, दोन दिवस राहून कंटाळायचे आणि परत गाडीत येऊन झोपायचे. अशा माणसाच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. एक डोळा गेलाच, दुसऱ्यानं समोरचं तेवढं धूसर दिसायचं. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं, त्याच दिवशी उस्तादांनी चावी मालकांच्या टेबलावर ठेवली आणि खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

मालक काही वाईट माणूस नव्हते. पण ट्रक दारात उभा ठेवून त्यांचं भागणार नव्हतं. ते येऊदेला म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत हेवी लायसन काढ, गाडी तुझ्या हातात देतो. नाहीतर मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल. आणि तो आपला क्लीनर घेऊनच येईल, हे काय तुला सांगायला हवं?"

"काढतो. पण मग डावीकडं कोण बसेल ते मी ठरवणार."

मालकांच्या लगेच ध्यानात आलं. "ज्याला दिसत नाही असा क्लीनर ठेवणार?"

"माझी टकळी ऐकून त्यांचे कान किटले असतील, मालक. आता त्यांनी बोलायचं, मी ऐकायचं."

मालक हसून बरं म्हणाले. हा कसला लायसन काढतोय, असं त्या हसण्यात होतं, आणि ते येऊदेला कळलंही. पण शब्द मिळाला होता, तेवढं त्याला पुरे होतं.

हलक्या गाडीचं लायसन त्याच्या खिशात कित्येक वर्षं होतं, मालकांची जीप धुवायला नेण्यापुरतं. ट्रकचं प्रकरण निराळं. शिकवणाऱ्या बाईंनी अर्धी हयात बस चालवण्यात घालवली होती. त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस सहसा नापास होत नसे, आणि त्यांच्या जिभेच्या तावडीतून सुटत नसे. त्यांनीही येऊदेला गिअरबद्दल कधी बोल लावला नाही. भरलेली गाडी चढावर कुठं दम टाकते हे त्याला पाठीच्या कण्यातून कळायचं. वळणावर मागची चाकं किती आत येतात हे तर त्यानं रोज बघितलेलं. गाडी पुढं जायची ती लोण्यासारखी.

घोडं अडलं ते मागं येण्यात. दोन ओळींत रिकामे ड्रम मांडलेले, त्यांच्या मधून ट्रक उलटा आत घालायचा. येऊदेनं आरशात बघितलं की त्याला पत्रा दिसायचा, आभाळ दिसायचं, आपलाच घाबरलेला कान दिसायचा. कोणता ड्रम किती लांब आहे, देव जाणे. मग धाड् करून आवाज यायचा आणि कडेचे शिकाऊ टाळ्या वाजवायचे.

"आरसा कशाला लावलाय? भांग पाडायला?" बाई ओरडायच्या.

घरी त्यानं बायकोचा हातातला आरसा घेऊन दोन खुर्च्यांच्या मधून उलटं चालायचा सराव सुरू केला. एकदा पिठाच्या डब्यावर जाऊन बसला. बायको म्हणाली, "लोक वयानं पुढं जातात, तुम्ही मागं चाललात." आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, कारण महिना सरत आला होता. मग तिनंच सुचवलं, "उस्तादांना का नाही विचारत? त्यांच्यासारखी गाडी मागं घेणारा तुम्हीच म्हणता की दुसरा बघितला नाही."

ते खरंच होतं. उस्ताद बोळाएवढ्या फटीतून ट्रक मागं घ्यायचे आणि लोक उभे राहून बघायचे. येऊदे खोलीवर गेला तेव्हा ते तसेच भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यानं पायथ्याशी बसून सरळच विचारलं.

"उस्ताद, आरशात काय बघायचं असतं?"

"मला काय ठाऊक?"

"म्हणजे? आयुष्यभर गाडी मागं घेतलीत की!"

"मी तुला बघायचो," उस्ताद भिंतीलाच म्हणाले. "तू हात हलवलास की यायचं, तू थबकलास की थांबायचं. खांब कुठं आणि भिंत कुठं, हे मी कधी बघितलंच नाही रे."

येऊदेला हसावं की रडावं कळेना. लोक उस्तादांची वाहवा करायचे तेव्हा तो मागं धुळीत उभा असायचा आणि मनातून आपणही टाळ्या वाजवायचा. इतकी वर्षं एक माणूस डोळे मिटावेत तसा आपल्या भरवशावर मागं येत होता, हे त्याला आज कळत होतं. उस्तादांच्या पायांवरचं सरकलेलं पांघरूण त्यानं हळूच नीट केलं.

तसे उस्ताद कूस वळून उठून बसले. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्यांचं तोंड खोलीकडं झालं.

"तू कुठं उभा राहायचास?"

"तुमच्या बाजूच्या कोपऱ्याशी. आरशात दिसेन असा."

"मग राहा की तिथंच उभा."

"आणि गाडी कोण चालवणार?"

"तूच. आत पण तू आणि मागं पण तूच. जन्म गेला तुझा तिथं, एवढ्यात कुठं जातोस?"

परीक्षेच्या दिवशी शेजारी परीक्षा घेणारे साहेब बसले होते आणि कुंपणापाशी बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. पुढचं सगळं सुरळीत झालं. साहेबांनी ड्रमांकडे बोट दाखवलं. "घ्या मागं."

येऊदेचा हात दाराच्या कडीवर गेला. तिथून त्यानं तो निग्रहानं उचलून गिअरवर ठेवला आणि आरशात बघितलं. पत्रा, आभाळ, ड्रम. कोणी नव्हतं. मग त्यानं कोपऱ्याशी एक माणूस उभा केला, मळकट शर्टाचा, खांद्यावर फडकं टाकलेला. त्या माणसाला तिथून काय दिसतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. चाक कुठं आहे, ड्रम कुठं आहे, किती जागा उरली आहे. त्या माणसानं हात हलवला.

"येऊ दे," येऊदे हळूच म्हणाला. "येऊ दे... जरा डावीकडं... येऊ दे..."

"कोणाशी बोलताय?" साहेबांनी विचारलं.

"मी नाही, साहेब. क्लीनर बोलतोय."

साहेबांनी खिडकीतून मान काढून मागं बघितलं. मागं चिटपाखरू नव्हतं.

"बस," येऊदे म्हणाला आणि त्यानं ब्रेक दाबला. ड्रम जिथल्या तिथं उभे होते. कुंपणापाशी बाईंनी नुसतं "हुं" केलं. आजवर एवढं कौतुक त्यांनी कोणाचं केलं नव्हतं.

पहिल्या खेपेला येऊदे उजवीकडे बसला आणि उस्ताद डावीकडे. वाटभर उस्तादांची टकळी चालू होती. पुढं खड्डा आहे, इथं दुसरा गिअर टाक, त्या वळणावर मागचा कितीही हॉर्न मारो, घाई करू नको. दिसत नसलं तरी सगळा रस्ता त्यांना पाठ होता. येऊदे प्रत्येक वेळी "हो उस्ताद" म्हणत होता आणि त्याला खूप बरं वाटत होतं.

गोदामाच्या आवारात ट्रक वळवून माल चढवायच्या ओट्याला पाठ टेकवायची होती. येऊदेनं रिव्हर्स टाकायच्या आत उस्तादांनी डावं दार उघडलं.

"उस्ताद, अहो, कुठं निघालात?"

"कुठं म्हणजे? गाडी मागं घ्यायचीय ना?"

पत्र्याला हात लावत लावत उस्ताद मागं गेले आणि ट्रकला वळसा घालून उजव्या बाजूच्या खांबाशी उभे राहिले. आरशात ते सबंध दिसत होते. त्यांचं तोंड जरा चुकीच्या दिशेला, शेजारच्या भिंतीकडं होतं. त्यांनी हात वर केला आणि घसा खाकरून आवाज लावला, "येऊ दे! येऊ दे!"

येऊदेनं त्यांच्यावरची नजर ढळू दिली नाही. एक एक बोट सरकावं तशी त्यानं गाडी मागं आणली.

"येऊ दे... येऊ दे... बस!"

त्यानं जागच्या जागी ब्रेक दाबला. ओटा अजून हातभर लांब होता.

"अरे येऊदे, अजून येऊ दे की!" वरून एक हमाल ओरडला.

"उस्ताद बस म्हणाले," येऊदेनं सांगितलं आणि इंजिन बंद केलं. खाली उतरून त्यानं भिंतीला टेकवलेली जाड फळी उचलली, ओट्यावर चढला आणि ती फटीवर आडवी टाकली. हमालानं एकदा उस्तादांकडं बघितलं आणि पहिलं पोतं खांद्यावर घेतलं.

फळीचा आवाज उस्तादांना ऐकू गेला होता. त्या आवाजाचा अर्थ त्यांना सांगायला नको होता.

"उद्या अजून थोडी येऊ देतो," ते म्हणाले.

"हो उस्ताद."

मग पत्र्याला हात लावत लावत ते डाव्या दाराकडं निघाले.