नाक पुसण्याची सेवा

दोरीच्या अलीकडे पन्नास माणसं डावीकडून उजवीकडे सरकत होती आणि भिंतीवरचा पांढरा चेहरा त्या प्रत्येकाकडे वळून पाहत होता. चेहऱ्याशेजारी बसलेल्या नजरबाबांचा आवाज मधात घोळलेला. ते सांगत होते, ज्याच्यावर नजर ठरेल त्याच्या डोळ्यांना औषध नको, दोरी मात्र ओलांडू नका, तेज सोसायचं नाही.

माझ्या नणंदेवर नजर ठरली होती. त्या शिवणकाम करतात. उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. सुई ओवायला मला हाक, चहा ओतला की कपाऐवजी बशीत. गुरुवारचं ऑपरेशन त्या रद्द करायला निघाल्या. मी अडवलं तर म्हणाल्या, "वहिनी, तू एवढी नेमाची, आणि तूच शंका काढतेस?"

नेमाची मी आहेच, रोजचा जप चुकत नाही. पण पोटासाठी मेणबत्त्यांच्या कारखान्यात साचे भरते. त्या चेहऱ्याभोवती मला आमच्या साच्यांसारखीच जाड किनार दिसली.

मी हळूच म्हटलं, "बाबा, घरचे देव मी रोज पुसते. यांच्या नाकावर धूळ बसलीय. एवढी सेवा करू द्या."

इतक्या लोकांसमोर सेवेला नाही कसं म्हणणार? मी दोरीखालून गेले, फडकं नाकाच्या शेंड्याकडे नेलं, आणि हात मनगटापर्यंत आत गेला.

"अगबाई, यांचं नाक आत आहे."

बाबा म्हणाले, पापी हात लागला म्हणून नाक आत बसलं. मागून कुणी विचारलं, मग कानही हिनेच आत बसवले का. लोक हसत दोरीखालून आले. मी सांगितलं, हा साचा आहे, खोलगट. चेहरा पुढे आलेलाच असतो हे मेंदूला पाठ असतं, म्हणून तो खोलगटालाही उलटून पुढे काढतो. मग आपण सरकलो की चेहराच वळल्यासारखा वाटतो. जवळ आलं की दोन डोळ्यांची किंचित वेगळी चित्रं जुळवून मेंदू खोली ओळखतो. म्हणून ती दोरी.

सगळ्यांना खळगा दिसला. एकाच डोळ्यानं पाहणाऱ्या वन्संना मात्र जवळूनही नाक पुढेच दिसत होतं. हसू थांबलं. त्यांनी स्वतः हात घालून आतलं नाक चाचपलं.

"म्हणजे तो मला बघत नव्हता," त्या म्हणाल्या. "मलाच तो नीट दिसत नव्हता. गुरुवारी किती वाजता निघायचं?"

आता सुई त्याच ओवतात. श्रद्धा मीही ठेवते, तुम्हीही ठेवा. पण जो जवळून पाहू देत नाही, त्याची दोरी आधी ओलांडा आणि हात घालून बघा.