ह्यांच्या पिंपातली माती

बीडीडी चाळ सोडली तेव्हा मी ह्यांच्या पिंपातली माती मजल्यावरच्या सगळ्यांना डबाडबा वाटली. गिरणी बंद पडल्यावर ह्यांनी गॅलरीतल्या त्या पिंपात वांगी लावली, ती अगदी स्वतः जाईपर्यंत. काटेरी, हिरवी-पांढरी, लोण्यासारखी शिजणारी. अख्खा मजला भरीत खायचा. माणूस गेला, चाळ गेली, माती तरी जपा, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

यंदा चाळीच्या जागी झालेल्या टॉवरच्या बाल्कनीत माझंच रोप पिवळं पडलं. दुपारी मान टाकायचं. पाणी घातलं, खत घातलं, शिव्याही घातल्या. शेवटी वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या नातीने, श्रेयाने, ते उपटलं. मुळांना गाठीच गाठी.

"कशी गुटगुटीत झालीत बघ," मी म्हटलं.

"आजी, रोग आहे तो. सूत्रकृमी."

तिने मुळाचा तुकडा कॉलेजात नेला आणि मोबाइलवर फोटो आणला. "डोळ्यांना दिसत नाही एवढी बारीक कृमी मुळात शिरते नि ठाण मांडते. पेशीला मारत नाही. तोंडातून असं काही सोडते की पेशी नुसती फुगत जाते, आत एकाच्या जागी कितीतरी केंद्रकं. मग झाडाचं अन्नपाणी ओढून ती कृमीलाच भरवत बसते."

"म्हणजे पाहुणीने स्वयंपाकघरच बळकावलं!"

"आजोबा मातीत काय घालायचे गं?"

"कडुलिंबाची पेंड. घाण वास. ते गेल्यावर बंद केली."  त्या पेंडीवरून मी जन्मभर त्यांच्याशी भांडले होते.

माती टाकावी लागणार होती, वाटलेलीसुद्धा. बियांत मात्र कृमी नसते, एवढाच दिलासा.

सगळ्यांना सांगायला निघाले. पहिलं दार दुर्गाचं, चाळीतल्याच शेजारणीचं. दर शनिवारी तिच्याकडून भरताची वाटी यायची, 'आनंदाभाऊंच्या', म्हणजे ह्यांच्या, 'मातीतली वांगी' म्हणून. आणि तिची कुंडी तर रिकामी, कोरडी ठणठणीत.

"कधी गेलं झाड?"

"वरीस झाला, वयनी. सगळ्यांचीच गेली."

"मग भरीत?"

"मंडईतली वांगी." दुर्गाने मान खाली घातली. "तुमी दर वेळी विचारायचात, धरली काय गो वांगी? तुमका सांगूचो धीर होईना."

चव वेगळी लागायची खरी. मला वाटायचं, माझीच जीभ म्हातारी झाली. मला हसू आलं, आणि रडूही. पदराच्या गाठीतलं ह्यांचं बी मी तिच्या हातावर ठेवलं.

"नवी माती आण. आणि पेंड घाल. वास येऊ दे."

"आणि भरीत?"

"शनिवारी पाठव. वांगी कुठलीही चालतील."