डायरीवरच्या एकेचाळीस सह्या

धाकट्या आदिनाथचं लग्न झालं आणि नवरदेवाची वरात घोडीऐवजी जेसीबीच्या बकेटात बसून निघाली, त्याच वर्षी, म्हणजे २०२३ च्या जूनमध्ये, तनुजा नववीत गेली. निघोजे गावात त्या वरातीची चर्चा जुलै संपला तरी चालू होती. त्यामुळे तनुजा कुठल्या यत्तेत गेली आणि कशी गेली, याकडे घरात कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. अपवाद तिच्या आजोबांचा. पण त्यांचं लक्ष भलतीकडे होतं, ते पुढे येईलच.

आजोबा म्हणजे गेनूआबा, आदिनाथचे आणि तनुजाचा बाप असलेल्या थोरल्या धनेशचे वडील. वय एकाहत्तर. रान एमआयडीसीत गेल्यावर ते एका कंपनीच्या मालाच्या गेटावर वॉचमन म्हणून लागले. सुरुवातीला अंगठा चालला. मग नवा साहेब म्हणाला, गेटावर सही लागते, अंगठा नको. तेव्हा स्टोअरमधल्या ज्योतीराम क्लार्कनं जेवणाच्या सुट्टीत चलनाच्या मागच्या बाजूला अक्षरं गिरवून घेतली आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेनूआबा सही करायला शिकले. छापील अक्षर ते जोडून जोडून वाचायचे. हातानं भराभर लिहिलेलं मात्र त्यांना दोऱ्याचा गुंता दिसायचा. कामाला त्याची गरज नव्हती. गाडी आली की चलन घ्यायचं, घड्याळ बघायचं, 'आवक' लिहायचं, वेळ घालायची, सही ठोकायची आणि गाडी आत सोडायची. आत खोके आहेत की दगड, ते बघणं स्टोअरवाल्यांचं काम. चौदा वर्षं त्यांनी ही नोकरी केली आणि एकदाही सही चुकली नाही.

तनुजाची शाळा चाकणला. त्या वर्षी तेजस्विनी मॅडम नव्या मुख्याध्यापिका म्हणून आल्या. पहिल्याच पालकसभेत त्यांनी सांगितलं, की मुलाचं यश ही एकट्या शाळेची जबाबदारी नाही, पालकांची आहे आणि मुलाची स्वतःचीसुद्धा आहे. म्हणून आजपासून गृहपाठाच्या डायरीवर रोज घरच्यांची सही पाहिजे.

सभेला घरातून गेनूआबाच गेले होते. धनेश कंपनीत तीन शिफ्टमध्ये फिरायचा. सून विजयश्री भोसरीला वायरिंगच्या वर्कशॉपमध्ये, सकाळी आठला घर सोडायची ती दिवेलागणीनंतर परतायची. सह्यांचं ऐकून गेनूआबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. निवृत्तीला नऊ वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत कुणी त्यांच्याकडे सही मागितली नव्हती.

रोज संध्याकाळी तनुजा चहाचा कप आणि डायरी एकदमच आणायची.

"आबा, इथं."

"थांब, चष्मा घालू दे. घाईत झालेली सही सही नसती."

मग ते भिंतीवरचं घड्याळ बघायचे, पानावर 'आवक, वेळ ६.४०' असं लिहायचे आणि खाली गेनू असं वळणदार काढून त्याला दोन रेघा मारायचे.

त्या पानांवर लिहिलेलं असायचं ते गणिताच्या धम्मरत्न सरांचं. जुलैत लिहिलं होतं, गृहपाठ केला नाही. त्याखाली आवक, वेळ ६.४०. ऑगस्टमध्ये लिहिलं, वर्गात लक्ष नाही, पालकांनी भेटावे. आवक, वेळ ६.३५. गणपतीनंतर सरांनी लाल पेन काढला.

"हे लाल रंगात काय गं लिवलंय?" आबांनी विचारलं.

"महत्त्वाचं असलं की सर लाल पेनानं लिहितात."

हे खोटं नव्हतं. आबा खूश झाले आणि महत्त्वाचं म्हणून त्यांनी तिथं दोन सह्या केल्या.

दिवाळीनंतर सहामाहीचे पेपर मिळाले. बीजगणितात चाळीसपैकी सात, भूमितीत नऊ. पेपर मिळाल्याच्या आठवड्यात डायरीत एक छापील चिठ्ठी चिकटवून आली. चिठ्ठी बारीक अक्षरात होती आणि चहा निवत होता. आबांनी 'आवक' लिहून सही केली. दोन दिवसांनी धनेशच्या मोबाइलवर शाळेचा निरोप आला, की शनिवारी दोघांनी यावं, चिठ्ठीनुसार पुढचं ठरवायचं आहे.

"कसली चिठ्ठी?" धनेश म्हणाला.

तनुजा पाणी आणायला गेली, ते परत आलीच नाही.

शनिवारी धनेशनं हाफ डे टाकला, विजयश्रीनं सुट्टी घेतली. ते दोघं आणि तनुजा मोटारसायकलवर, आणि मागून गेनूआबा शेअर रिक्षात. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण आपली सही जिथं गेली तिथं आपण गेलं पाहिजे, एवढं त्यांना कळत होतं.

ऑफिसात तेजस्विनी मॅडम खुर्चीत होत्या, धम्मरत्न सर बाजूला उभे. मॅडमनी ती चिठ्ठी मोठ्यानं वाचली. तनुजाच्या गणितात सुधारणा दिसत नाही. वार्षिक परीक्षेपर्यंत ती दिसली नाही, तर दहावीला तिला शाळेतर्फे न बसवता सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवण्यास आमची संमती आहे. खाली सही.

"म्हणजे शाळेतनं काढायची?" विजयश्री म्हणाली.

"काढायची नाही. बाहेरून बसायचं," मॅडम म्हणाल्या. "आमचा दहावीचा निकाल सहा वर्षं शंभर टक्के आहे. आणि तुम्ही सही दिलीय."

"मी कुठं दिली?" धनेश बायकोकडे वळला. "तू दिलीस?"

"मी? ती डायरी रोज टीव्हीवर पडलेली असायची, तुमच्या नाकासमोर. म्याच लावून तुमी बघत बसता, तवा डायरी दिसत न्हाई व्हय?"

"आणि तू?"

"मी आठवड्याला सहा दिवस वायरी जोडते. घरी येऊन भाकरी थापू का डायरी?"

धम्मरत्न सरांनी मध्येच डायरी वर धरली. ते इतका वेळ राग दाबून होते. "मी एकेचाळीस शेरे लिहिले. एकेचाळीस! प्रत्येकाखाली काय, तर आवक! मला वाटलं वडील माझी टर उडवतायत. मी काय टपाल खातं आहे का? स्टाफरूममध्ये मला सगळे 'या आवकराव' म्हणतात!"

"सर, ती अक्षरं माझी हायत," दाराशी उभे असलेले गेनूआबा म्हणाले.

सगळे वळले.

"सही माझी. ह्या दोघांचा काय संबंध न्हाई. मला वाटलं, डायरी घरी आली ह्याची नोंद पायजे तुमाला."

"आबा!" धनेशनं कपाळावर हात मारला. "वाचायचं तरी!"

"वाचायला आलं असतं तर मी वॉचमन झालो असतो का रं? तुज्यावानी सुपरवायझर झालो असतो."

मॅडम जरा नरमल्या, पण चिठ्ठी त्यांनी फाईलमध्ये ठेवली. "आजोबा, तुमचा हेतू चांगला होता. पण सही झाली ती झाली."

नात शाळेबाहेर जाणार होती आणि तिला बाहेर काढणारा कागद गेनूआबांनीच, चहा पिता पिता, दोन रेघा मारून पक्का केला होता. पण चौदा वर्षं गेट सांभाळलेला माणूस. त्यांनी दाराजवळचं शिपायाचं स्टूल ओढलं आणि ते बरोबर दारात मांडून त्यावर बसले.

"बाई, नीट ऐका. माझी सही आवकची हाय. माल आत आला, इतकंच तिचं म्हननं. पोरगी बाहेर काढायची, म्हंजी ती जावक झाली. जावकाला येगळा कागद लागतो. त्याच्यावर स्टोअरची सही, डिपारमेंटची सही, ड्रायव्हरची सही, मग गेट उघडतं. ह्यातलं काय बी माझ्यापुढं न्हाई."

"आजोबा, मला वर्गावर जायचंय. उठा."

"जावा की. कागद दावा आन् जावा."

"आबा, ही शाळाय, कंपनी न्हाई," धनेश दात-ओठ खात पुटपुटला.

"मग कंपनीपरीस वाईट हाय म्हन की. कंपनीत माल परत लावायच्या आधी तपासत्यात. आला तवाच वाकडा हुता, का आपल्या मशिनीवर वाकला, का ड्रायव्हरनं आपटला? हितं तपासलं कुनी?"

मॅडमनी धम्मरत्न सरांकडे बघितलं. सरांनी डायरीकडे बघितलं. मग ते तनुजाजवळ गेले.

"तनुजा, वजा सातातून आणखी पाच गेले. किती?"

"वजा दोन."

"वजा तीन गुणिले वजा चार?"

"वजा बारा."

सरांनी डायरी मिटली. "अगं, हे सहावी-सातवीचं आहे."

"सहावी-सातवी मोबाइलवर झाली, सर," तनुजा खाली बघत म्हणाली. "मोबाइल पप्पांबरोबर कंपनीत जायचा."

धनेशचा हात आपसूक खिशावर गेला.

"आणि मग परीक्षा न घेताच सगळ्यांना वर ढकललं," विजयश्री म्हणाली. या वेळी ती नवऱ्याकडे न बघता मॅडमकडे बघत होती.

"मी एकेचाळीस वेळा लिहिलं," सर सावकाश म्हणाले, "पण एक गणित तोंडी विचारलं नाही."

"मला माहीत होतं, मला येत नाही ते," तनुजा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "म्हणूनच आबांची सही घ्यायचे. आईनं वाचलं असतं."

आता ऑफिसात एकही माणूस असा उरला नव्हता ज्यानं काही केलं नव्हतं, किंवा जे करायचं ते टाळलं नव्हतं. तेजस्विनी मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्यांच्याही मागे भिंतीवर शंभर टक्के निकालाचे सहा बोर्ड होते आणि गेनूआबा ते जोडून जोडून वाचत होते.

"पस्तीस," मॅडम म्हणाल्या. "वार्षिकला गणितात शंभरपैकी पस्तीस पडले तर फॉर्म नाही. नाही पडले तर मी ऐकणार नाही. सर, तुम्ही सकाळी शाळेआधी अर्धा तास घ्यायचा. आईनं डायरी वाचायची. वडिलांनी जमेल त्या शिफ्टला आणून सोडायचं आणि घरात मोबाइल ठेवायचा. आणि तनुजा, जे येत नाही ते तू स्वतः सरांना दाखवायचं."

"आन् मी?" गेनूआबांनी विचारलं.

"तुम्ही आजोबा, सही करायची नाही."

आबांना ते फार लागलं. पण ते स्टुलावरून उठले.

सही गेली तरी माणूस रिकामा बसणारा नव्हता. धनेशला पहिली शिफ्ट असली की तनुजाला पहाटे उठवून रिक्षात घालायचं काम आबांकडे आलं. तिच्याबरोबर तेही जायला लागले आणि वर्गाबाहेर पायरीवर बसायला लागले. थंडी पडल्यावर धम्मरत्न सर म्हणाले, "आवकराव, आत या." म्हणून ते शेवटच्या बाकावर बसले. महिनाभर त्यांना काही कळलं नाही. मग एक दिवस परतताना रिक्षात ते एकदम बोलले.

"तनू, गाडी सात फूट रिव्हर्स घेतली. ड्रायव्हरनं आनखी पाच फूट रिव्हर्स घेतली. गाडी कुठं?"

"बारा फूट मागं."

"मग दोन कशी म्हनत हुतीस गं? गेटाचा खांब पाडला असतास की."

तनुजा हसली. रिक्षावाल्यानं विचारलं, "आणि वजाला वजानं गुणलं तर?"

"तोंड फिरवून उभी केलेली गाडी रिव्हर्स घेतली, तर ती कुठं जाईल रं, भावा?"

रिक्षावाल्यानं थोडा विचार केला. "पुढं."

"झालं मग."

हे उत्तर तनुजानं दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं आणि सरांनी ते सातवीच्या वर्गात वापरलं. कुणाचं आहे ते मात्र सांगितलं नाही.

सगळं सुरळीत झालं असं नाही. धनेश दोनदा मोबाइल घेऊनच कामावर गेला आणि दोन्ही वेळा विजयश्रीनं कंपनीच्या गेटावर जाऊन तो परत आणला. डायरी वाचताना विजयश्रीला सरांच्या तीन चुका सापडल्या आणि तिनं त्यांच्याखाली निळ्या पेनानं शेरे लिहिले. तनुजा फेब्रुवारीत आठवडाभर रुसली. एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. गणितात तिला शेहेचाळीस मिळाले आणि ती शाळेतूनच दहावीत गेली.

दहावीला तिला गणितात शंभरपैकी अठ्ठावन्न मिळाले. शाळेचा निकाल त्या वर्षी शंभर टक्के लागला नाही. नापास झालेले दोघेही गणितात पास होते, इंग्रजीत गेले. मॅडमनी सातवा बोर्ड लावला नाही, आणि जूनच्या पालकसभेत इंग्रजीच्या सरांना सकाळचा अर्धा तास लावून दिला.

गेनूआबा तो निकाल बघायला नव्हते. १५ जानेवारी २०२५ ला, संक्रांतीच्या करीच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, चाकणच्या दवाखान्यात हृदयविकारानं ते वारले. ते त्र्याहत्तर वर्षांचे होते.