पाचोडच्या जावांचे पट्टे

उस्मानपुऱ्यातल्या त्या प्रसूतिगृहाचे व्यवस्थापक व्यंकटराव कुलकर्णी माणसाची किंमत तो किती पाणी सांडतो यावरून ठरवत. त्यांचाही इलाज नव्हता. पाऊस सलग दगा देत होता, शहर मात्र चहूकडे मजले चढवत सुटलं होतं, आणि टँकरवाल्याचा रुबाब डॉक्टरापेक्षा वरचढ झाला होता.

त्यांच्या मते सगळ्यात खर्चिक माणूस म्हणजे सारजाबाई. वॉर्डातली ही मावशी दर खाटेपाशी जाऊन आली की हात धुवायची. त्यामुळे सिझेरियन झालेल्या चार बायकांना एकाच आठवड्यात लघवीचा संसर्ग होऊन ताप चढला, तेव्हा व्यंकटरावांना वाईट वाटलंच, पण एक जुनी शंका खरी ठरल्याचं समाधानही वाटलं. एवढं पाणी जातं कुठं मग? चौघींच्या लघवीच्या पिशव्या सारजाबाईनंच रिकाम्या केल्या होत्या. चौघींच्या रिपोर्टवर जंतूचं नावही एकच, ई. कोलाय. त्यांनी तिला वॉर्डातून काढून खाली टाक्या भरायला लावलं. महिनाअखेर घरी पाठवायचं पक्कं केलं.

"जरा दमानं, साहेब," मेघा म्हणाली. सोयगावची ही मुलगी तिथली प्रयोगशाळा सांभाळायची. "एखाद्या कुलकर्ण्यानं चोरी केली तर तुम्हाला धरून नेतील का?"

"माझा काय संबंध?"

"तेच म्हणते. आपल्याला जंतूचं आडनाव कळलंय. घर कुठलं ते शोधायचंय."

जंतूच्या डीएनएचे तुकडे वाढवून, वीज लावून जेल नावाच्या लिबलिबीत थरातून पळवले की उजेडात पट्ट्यांची ओळ दिसते, आणि एका कुळीच्या जंतूंची ओळ सारखी निघते, एवढं तिनं त्यांना समजावलं. त्यांना निम्मं कळलं. मान मात्र त्यांनी पूर्ण हलवली.

तेवढ्यात सारजाबाई दाराशी आली. "ताई, लिवून टाका ना, बाई साफ हाय म्हून. तुमाला तर ठावं हाय."

दोघी रोज एकत्र जेवायच्या. मेघाला ठाऊक नसेल असं कसं? पण ती म्हणाली, "जे निघंल तेच लिहीन, मावशी."

व्यंकटरावांनी चष्मा वर सरकवून पोरीकडं नीट पाहिलं. जवळच्या माणसासाठीही कागद न वाकवणारं माणूस त्यांना उभ्या नोकरीत क्वचितच भेटलं होतं.

जेलचा फोटो आला. चौघी बायकांपैकी दोघींचे पट्टे निरनिराळे होते. उरलेल्या दोघींचे हुबेहूब एक. मेघानं त्याच दोघींवर आधी बोट ठेवलं.

"सापडली की मग सारजाबाई," व्यंकटराव म्हणाले.

"या दोघी कुठल्या?"

"पाचोडच्या. सख्ख्या जावा. एकीचा डबा आला की दुसरीही त्यातच..." बोलता बोलता ते थबकले. आपलीच फिर्याद आपल्याच तोंडानं मोडल्याचं त्यांच्या ध्यानात आलं.

मेघा हसली नाही. "एका घरातल्या माणसांत एकच कूळ असू शकतं. पण तो माझा अंदाज झाला. त्यानं मावशी सुटत नाहीत."

तिनं फ्रीझर उघडला. भरती होताना प्रत्येक बाईची लघवी ती थोडी गोठवून ठेवायची. या खोक्याला वीज कशाला, म्हणून व्यंकटरावांचं तिच्याशी कितीदा वाजलं होतं. आता त्याच नमुन्यांतून तिनं जंतू वाढवले आणि पुन्हा पट्टे काढले. चौघींचेही आपापल्या आधीच्या पट्ट्यांशी जसेच्या तसे जुळले. सारजाबाईचा हात लागायच्या आधीच प्रत्येकीनं आपला जंतू घरून आणला होता.

"पण चौघी एकदम?"

"विचारलं मी त्यांना. घरात घागरभरच पाणी, म्हणून पितच नव्हत्या. लघवी तुंबवून बसायच्या. मग जंतूला काय, आयतंच रान."

व्यंकटराव खाली गेले. सारजाबाई टाकीशी नळी धरून उभी होती.

"वर जा, वॉर्डात," ते म्हणाले. "ते जंतू तुझ्यामुळं नव्हते. मी उगाच तुझ्यावर आळ घेतला."

ती थेट मेघाकडं गेली. "ताई, लई उपकार झाले. माझ्या बाजूनं बोलल्या."

"मी कुणाच्याच बाजूनं नाही बोलले, मावशी."

"व्हय, म्हून तर सायबानं ऐकलं."

वॉर्डाच्या दाराशी तिनं सवयीनं हात पुढं केले. मागून आलेल्या व्यंकटरावांनी बादलीतला तांब्या उचलला आणि तिच्या हातांवर धार धरली. तांब्या रिकामा झाल्यावर त्यांनी तो पुन्हा भरला.