अकरा नंबर वाजत नाही

रहमतनं एक रायफल कानाशी धरून हलवली. टक टक. दुसरी घेतली. टक टक. मग रॅकमधली अकरा नंबरची काढली, चांगली झटकली आणि माझ्याकडे पाहिलं.

"रवी, धिस वन नो साउंड. व्हाय अह?"

मला ते आधीपासून माहीत होतं. मी नुसतं "बघतो" म्हटलं.

शहराच्या बुकित बातोक या भागात एका औद्योगिक इमारतीत आमचा छोटा कारखाना आहे. आम्ही सरावाच्या रायफली बनवतो. त्यांतून गोळी सुटत नाही. दाबलेल्या हवेनं खांद्याला धक्का बसतो आणि समोरच्या पडद्यावर प्रकाशाचा ठिपका उमटतो, एवढंच. रायफलीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग म्हणजे स्टॉक. तो बफर ट्यूब नावाच्या नळीवर मागेपुढे सरकतो. नळीच्या खालच्या अंगाला भोकं असतात. ज्याचा हात जेवढा लांब, त्याप्रमाणे स्टॉक कुठल्यातरी भोकात अडकवायचा.

या नळ्या दोन मापांत मिळतात, लष्करी आणि बाजारी. बाजारी नळी लष्करीपेक्षा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरनं जाड. डोळ्यांना फरक कळत नाही. लष्करी मापाचा स्टॉक बाजारी नळीवर चढतच नाही, त्यामुळे ती चूक तिथेच पकडली जाते. उलटी चूक वाईट. बाजारी स्टॉक लष्करी नळीवर झकास चढतो, भोकात बसतो आणि मग आतल्या आत हलत, वाजत राहतो. आमचं तेच झालं होतं. नळ्या जुन्या साठ्यातल्या, लष्करी. स्टॉक नवे आले ते बाजारी. सहज चढले म्हणून कोणी माप घेतलं नाही. गिऱ्हाइकानं सगळा माल परत पाठवला.

त्या रायफली रहमतनं आणि मी जोडल्या होत्या. विनीता गेल्यानंतर मी कामावर परत आलो तो पहिला आठवडा. त्या दिवसांत हातांनी काय केलं ते मला धड आठवत नाही.

विनीता म्हणजे माझी बायको. तीही इथेच जोडणीच्या टेबलावर होती. उंचीनं लहान, आणि डावखुरी. कुठलीही रायफल तपासायची तर आधी स्टॉक दुसऱ्या भोकावर घ्यायची. मी एकदा म्हटलं होतं, की तुझ्यासाठी शाळेच्या मापाची काढायला सांगतो. "तुम्ही उंच झालात म्हणून शहाणे झालात का?" असं म्हणून तिनं तीच रायफल माझ्या खांद्याला लावली होती. माझी कोपरं बरगड्यांत रुतली, आणि सगळी रांग हसली.

अकरा नंबरचं एवढंच नव्हतं की ती वाजत नाही. मी सकाळी सगळ्या रायफलींचे स्टॉक पूर्ण आत ढकलून ठेवायचो. चहानंतर पाहावं तर बाकीच्या तशाच, आणि अकरा नंबर दुसऱ्या भोकावर. पहिल्यांदा वाटलं, कोणीतरी हाताळली असेल. मग रोजच तसं व्हायला लागलं. मी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कोणीतरी उत्तर दिलं असतं, आणि ते मला नको होतं.

नंतर बरोबर मापाचे स्टॉक आले. या वेळी मी प्रत्येकाचं आतलं माप स्वतः घेतलं. एकेक रायफल उघडून जुना स्टॉक उतरवला, नवा चढवला. नवा बसताना हाताला थोडा दाटतो, आणि मग हलत नाही. संध्याकाळी गाडी न्यायला येणार होती. अकरा नंबर मी मागे मागे ठेवत गेलो, पण शेवटी तीच उरली.

स्टॉक उतरवला. नळीच्या मागच्या टोकाला लाल दोरा गुंडाळलेला होता. चार-पाच वेढे, एकाला एक चिकटून, आणि शेवटचं टोक सुईनं वेढ्यांखाली खुपसलेलं.

मी स्टुलावर बसलो.

आजारपणात विनीताची बोटं बारीक झाली. पाणी पिताना अंगठी स्टीलच्या भांड्यावर वाजायची. टक टक. तिला तो आवाज सोसेना. मग तिनं माझ्याकडून लाल दोरा मागून घेतला आणि सैल अंगठीला बायका गुंडाळतात तसा गुंडाळला. तिचे वेढे माझ्या उलट दिशेनं जायचे. हॉस्पिटलमधून अंगठी माझ्या हातात आली तेव्हा तिच्यावर दोरा नव्हता. पडला असेल कुठे, असं मी धरून चाललो.

नळीवरचे वेढे उलट दिशेनं गेलेले होते. आणि हे सैल स्टॉक आले तेव्हा विनीता नव्हती.

रहमत मागे येऊन उभा राहिला. मी त्याला दोरा दाखवला आणि विचारलं, ही रायफल रोज कोण हाताळतं? त्यानं दोऱ्याला बोट लावून पाहिलं. मग म्हणाला, "यू ला."

"मी?"

"टी ब्रेक. यू टेक, यू पुल टू नंबर टू, यू पुट बॅक. एव्हरी डे. आय थॉट यू नो."

तो थट्टा करणारा माणूस आहे, पण तेव्हा करत नव्हता. दोराही मीच बांधला का, असं विचारलं. ते आपण पाहिलं नाही, म्हणाला. मी माझ्या हातांकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाचे असावेत तसे ते मांडीवर पडले होते.

मी नवा स्टॉक दोऱ्यावरून चढवून पाहिला. अर्ध्यात अडकला. बरोबर मापात दोऱ्याला जागा नव्हती. रहमत हळूच म्हणाला, हिला जुनाच स्टॉक राहू दे, वाजत तर नाही, कोणाला कळणार आहे?

मलाही तेच हवं होतं. पण दोरा झिजणार. कोणीतरी शिकाऊ पोरगा ती खांद्याला लावणार, रोज शंभर धक्के बसणार, आणि एक दिवस ती पुन्हा वाजायला लागणार. तेव्हा आम्ही कोणी तिथे नसणार.

रहमतनं कटर पुढे केला. मी नको म्हटलं. नखानं टोक मोकळं केलं आणि एकेक वेढा उलगडला. दोरा शर्टाच्या खिशात ठेवला. नवा स्टॉक चढवला, पूर्ण आत ढकलला, रायफल कानाशी धरून हलवली. काही नाही. पेटीत ठेवून झाकण लावलं. पेट्या खाली गेल्या तेव्हा मी खिडकीशी गेलो नाही.

घरी आलो तर माझी मुलगी इरा जेवायला थांबली होती. ती पॉलिटेक्निकला आहे. वरण-भात तिनंच लावला होता. मी हात धुऊन बसलो आणि मला ऐकू आलं. टक टक.

मी हललो नाही. इरानं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. पुन्हा टक.

तिनं बोट पुढे केलं. कपाटातून आईची अंगठी काढली होती. "सॉरी, विचारलं नाही. लूज आहे, बट आय वॉन्ट टू वेअर इट ला."

मी म्हटलं, दे इकडे.

खिशातून दोरा काढला. मी तो कुठून आणला ते तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. अंगठी चिमटीत धरली आणि गुंडाळायला लागलो. मला वाटलं होतं जमणार नाही. पण वेढे एकाला एक चिकटून पडत होते.

"बाबा, तू उलटा गुंडाळतोयस."

मी थांबलो. अंगठी माझ्या उजव्या हातात होती आणि दोरा डाव्यात.

"आई करायची तसा," ती म्हणाली.

मी हात बदलले नाहीत. सुई आण म्हटलं, तिनं आणून दिली. टोक वेढ्यांखाली खुपसलं आणि अंगठी तिला परत दिली. तिनं ती घातली, बोट हलवून पाहिलं आणि पाण्याचं भांडं उचललं.

आम्ही दोघंही ऐकत होतो. ती सगळं पाणी प्यायली आणि तिनं भांडं खाली ठेवलं. वाजलं नाही.

मग मी भात कालवला.