बिनगेरूचं मेंढरू

"दोन! आजबी दोन!" सिंधूबाई नवऱ्याच्या कानाशी लागली. "सोनाजीला दोन बाटल्या अन् तुमाला एकच. काहून?"

मसाजी सलाईन लावून पडला होता. नांदेडच्या दवाखान्यात फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या जोड औषधाची चाचणी चालू होती. निम्म्या पेशंटांना नेहमीचं एकच औषध, निम्म्यांना त्याच्या जोडीला एक नवं. कुणाला काय, ते कम्प्युटर ठरवायचा. सह्या घेताना डॉक्टरांनी हे दोनदा समजावलं होतं, पण सिंधूबाईच्या डोक्यात शिरेल तर शपथ!

शेजारच्या खाटेवरचा सोनाजी आखाडा बाळापूरचा. तीन महिन्यांपूर्वी त्याला धरून आणावं लागायचं. आता गडी कॅन्टीनपर्यंत चालत जाऊन भजी खाऊन यायचा. आज तर त्याची बायको शकुबाई पेढे वाटत आली.

"गाठ निम्मी झाली म्हणतेत, बाई! घ्या."

सिंधूबाईनं पेढा घेतला आणि पदराला बांधला. मसाजीची गाठ वाढली होती. शकुबाई सवत असती तरी तिच्यावर ती इतकी जळली नसती. मेली वाईटही नव्हती, म्हणून तर जास्तच खुपायचं.

वारंगा फाट्यावर एसटीतून उतरल्यावर तिनं पुन्हा तोंड सोडलं. "डॉक्टरला बोला की! आमालाबी जोड द्या म्हणावं."

मसाजी हसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. दम खाऊन तो म्हणाला, "सिंधे, त्या सालचं जंताचं औषध ध्यानात हाय? जुनं औषध साऱ्या मेंढरांना पाजलं. निम्म्यांना वरून नवं पाजलं अन् त्यायच्या पाठीवर गेरू लावला. बराबर?"

"व्हय."

"निम्मी तशीच ठेवली, म्हणून तर नव्याचा गुण कळला. मंग साऱ्या कळपाला पाजलं."

"अन् तवरोक बिनगेरूची?"

मसाजी गावाच्या वाटेला लागला. अकरा मेंढरं गेली होती. खड्डे तिनंच उकरले होते.

पुढच्या खेपेला त्याचा सदरा तिनंच काढून दिला, तिनंच त्याच्या अंगात घातला. दवाखान्यात शीला सिस्टर सुई लावायला आली आणि थबकली.

"मामा, सदऱ्याला पाठीवर हे तांबडं काय लागलंय?"

मसाजीनं मान वळवून बायकोकडं पाहिलं. तिनं दोन्ही हात पदराखाली लपवले होते.

"राहू द्या, सिस्टर," तो म्हणाला. "आमच्यात लावतेत."

सिस्टरनं मान डोलावली आणि बाटली टांगली. एकच.