फोन बंद करायचा नाही

गुरुवार. लखनौतलं चिनहट. टाइल्सच्या दुकानावरचा हॉल.

जिन्याच्या प्रत्येक पायरीवर चपला. वर खिडकीच्या गजांना कुलपं लटकलेली, गंजकी, नवी, सायकलची, पेटीची. माणसं मांडीला मांडी लावून बसलीत आणि प्रत्येकाच्या हातात लाल फडक्यात गुंडाळलेला एक फोन. कुणाचा भाऊ परदेशात, कुणाचा जावई. ते जुना फोन पाठवतात, इथे सिम घातलं की फोन सांगतो, हे सिम चालणार नाही.

समोर चौरंगावर तालेवाले बाबा. हिंदीत ताला म्हणजे कुलूप, म्हणून तालेवाले. माझी विभाताई त्यांना तालेवार म्हणते. बोटांतल्या अंगठ्या बघितल्या तर तेही चुकीचं नाही.

"कलियुग में कुंडली कहाँ रहती है?" बाबा विचारतात.

"सेटिंग में," हॉल उत्तर देतो.

मग त्यांनी ताईच्या मुलीला, नेत्राला, पुढे बोलावलं. तिचा फोन घेतला, सेटिंग उघडून माइकसमोर धरला. पढ़ो बिटिया. नेत्राने वाचलं. पुन्हा वाचायला लावलं, जोरात.

"करियर लॉक," नेत्रा म्हणाली.

"हमने लिखा? तुम्हारी माताजी ने लिखा? फोन ने ख़ुद लिखा है. करियर. और लॉक."

हॉलने उसासा टाकला. ताईच्या डोळ्यांत पाणी.

शिष्याने सिम काढलं, तांब्याच्या वाटीत गोमतीच्या पाण्यात बुडवलं, शेंदरी कापडात पुसलं, पुन्हा फोनमध्ये बसवलं. फोन तांदळाच्या ताटात. मंत्र. सगळे त्या काचेकडे बघतायत. आणि नेटवर्कच्या रेघा उगवल्या, एक, मग दोन, मग सगळ्या. फोन वाजला. बाबा स्वतःच्या फोनवरून बोलत होते.

"हलो नेत्रा बिटिया, हम तुम्हारा करियर बोल रहे हैं."

टाळ्या, जयजयकार, कुणीतरी शंख.

मी तिथेच होते, ताईच्या शेजारी. मी छावणीतल्या शाळेत विज्ञान शिकवते, आणि मला ते कसं झालं हे कळलं नाही. ते मला फार लागलं. पण अडलेल्या फोनचं आपण काय करतो? बंद करून परत सुरू करतो. गोष्टीचंही तेच करू.

*पुन्हा सुरू.*

आम्ही मिरजेच्या. माझे यजमान फौजेत, म्हणून मी लखनौत. भावोजी, म्हणजे धनंजय, चिनहटच्या एका कारखान्यात, म्हणून ताई लखनौत. नेत्रा इथेच वाढली. मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देते, आणि रागावली की दोन्हीत.

हवाई दलाच्या निवडीत ती एकदा गेली, परत आली. पुन्हा गेली, परत आली. दुसऱ्या वेळेला ताईने गोडाचं करून ठेवलं होतं, ते तिने मुकाट्याने शेजारी वाटून टाकलं. त्यानंतर ताई घाबरी झाली.

मग अमौसीला, विमानतळावर, एका विमान कंपनीत नेत्राची निवड झाली. प्रवाशांच्या नोंदणीच्या खिडकीवर. सोमवारी मूळ प्रमाणपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार.

अमेरिकेतल्या आदेशने, भावोजींच्या धाकट्या भावाने, कौतुकाने आपला वापरलेला भारी फोन पाठवला. नेत्राने आपलं प्रीपेड सिम घातलं. फोन म्हणाला, नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातला माणूस म्हणाला, "लॉक है, बँधा हुआ है." बांधलंय म्हटल्यावर ताईने फोन त्याच्या हातून ओढून घेतला. आमच्याकडे फोन बांधत नाहीत. आमच्याकडे माणसं बांधतात, गर्भ बांधतात, नशीब बांधतात. घरी येऊन तिने स्वतः सेटिंग चाळलं, आणि इंग्रजीतली ती ओळ सापडली. करिअर लॉक.

त्या आठवड्यात तिला कुणीही काहीही विकलं असतं.

*पुन्हा सुरू.* ताटात फोन वाजल्यानंतरचं राहिलं.

बाबांनी पथ्यं सांगितली. फोन बंद करायचा नाही, कधीच नाही, चार्जिंग संपू द्यायचं नाही. सिम काढायचं नाही, ते आता गर्भगृहात आहे. कुठल्याही दुकानदाराला दाखवायचा नाही, नजर लागते. आणि अपडेट करायचा नाही. "नया ज्ञान मत लेने देना," बाबा म्हणाले, आणि लोकांनी माना डोलावल्या.

शेवटचं पथ्य नेत्रासाठी होतं. हे कच्चं उघडलंय. पौर्णिमेला पक्की खुलाई होईल, त्याची वेगळी पूजा. तोवर नवं काम सुरू करायचं नाही.

पौर्णिमा सोमवारनंतर होती.

रिक्षात नेत्राने मला फोन दाखवला. तीच ओळ. "मावशी, देखो. अब भी वही लिखा है. लॉक्ड." रेघा उगवल्या होत्या, मी मोजून घेतल्या होत्या, पण कुलूप जागच्या जागी होतं. चोर घरात शिरलाय आणि दाराला बाहेरून कडी, तसं काहीतरी. ताई समोर बसून पदराने फोन झाकत होती, वारा लागू नये म्हणून.

घरी पोचल्यावर तिने नेत्राची प्रमाणपत्रं लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली कनवटीला खोचली.

भावोजींनी दोनदा समजावलं. मी तर किती वेळा. ताई एकच म्हणायची, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आणि बघितलं होतंच की. मीही बघितलं होतं.

*पुन्हा सुरू.* रविवार, जेवणं झालेली, ताटं अजून टेबलावर.

मला आता एवढं कळलं होतं की ती पथ्यं तपासायची. एखाद्याने चमत्कार दिला आणि सोबत सांगितलं की अमुक करू नका, तर तेच करून बघावं. मी नेत्राला म्हटलं, बंद कर.

"शर्वे, हात लावायचा नाही," ताई म्हणाली. आवाज चढवला नाही. त्यापेक्षा चढवला असता तर बरं.

नेत्राने आईकडे बघितलं. उद्याचा दिवस तिचा होता, माझा नव्हता. तिने बटण दाबून धरलं. काच काळी झाली.

मग पुन्हा उजळली. आम्ही चौघं वाकून बघत होतो. रेघा आल्या नाहीत. *सिम चालणार नाही.*

"बघ," ताई म्हणाली. खुर्ची मागे सरकवून उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "बघ. सांगितलं होतं त्यांनी."

मला याचा अंदाज यायला हवा होता. पथ्य मोडलं, चमत्कार गेला, म्हणजे बाबा खरे. भोंदूची सोय बघा: चाललं तर त्याची कृपा, नाही चाललं तर तुमचं पाप. भावोजी माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या घराला काडी लावलीय.

नेत्रा मात्र थांबली नाही. रागात होती, आणि रागात तिचे हात फार नीट चालतात. कानातलं काढलं, त्याची दांडी फोनच्या बाजूच्या भोकात खुपसली. सिमचा छोटा ट्रे बाहेर आला. तिने सिम उचललं, उलटं केलं, नखाने खरवडलं.

सिमच्या पाठीला दुसरं काहीतरी चिकटलं होतं. लसणाच्या पापुद्र्याएवढं पातळ, त्यावर सोनेरी ठिपके, सिमवर असतात तसेच.

"ये हमारा नहीं है," नेत्रा म्हणाली. शिष्याने शेंदरी कापडात सिम पुसलं होतं, तेव्हाच ते चिकटलं असणार.

माझ्या फोनवर शोधायला वेळ लागला नाही. असले पापुद्रे उघड विकतात. काम साधं. परदेशात तिथली कंपनी हप्त्यावर फोन देते आणि तो आपल्याच सिमवर चालेल असा बांधून ठेवते. फोन सुरू होताना सिमला विचारतो, तू कुणाचं? आपलं सिम खरं सांगतं आणि फोन त्याला बाहेर काढतो. हा पापुद्रा मध्ये बसून खोटं सांगतो, मी तुमच्याच कंपनीचं. दलाल. फोन फसतो, कुलूप उघडत नाही. फोन बंद करून सुरू केला की प्रश्न पुन्हा विचारला जातो, आणि दलालाचं सोंग तेव्हा टिकेलच असं नाही. अपडेट झालं की फोन शहाणा होतो आणि हे सोंग ओळखतो. सिम काढलं की पापुद्रा दिसतो. दुकानदाराला तर बघताक्षणी कळतं.

बाबांची पथ्यं एकेक करून टेबलावर खरकट्यात पडली.

भावोजींनी आपला जुना फोन आणला, जवळच्या दुकानातून घेतलेला, कुणाशीही न बांधलेला. त्यात नेत्राचं तेच सिम घातलं. रेघा आल्या. मंत्र नाही, तांदूळ नाही. त्यांनी तिला फोन लावला, वाजला.

ताई अजून भिंतीपाशीच. "पण फोनवर लिहिलंय त्याचं काय?" ती म्हणाली. "करिअर लॉक. ते तर बाबांनी लिहिलं नाही."

तेव्हा मला ते दिसलं. इतके दिवस आम्ही सगळे ती ओळ वाचत होतो, आणि एकानेही ती वाचली नव्हती.

"ताई, अक्षरं वाच. एकेक."

तिने चष्मा लावला. "सी. ए. आर. आर."

"दोनदा आर?"

"दोनदा. मग आय, ई, आर."

"ते करिअर नाही. कॅरिअर. वाहून नेणारा. फोनची कंपनी आपला आवाज वाहून नेते म्हणून ती कॅरिअर. मिरजेला भावोजींच्या सायकलला होतं ना, ज्यावर बसून तू स्टेशनला जायचीस."

ताईने चष्मा वर सरकवून ती ओळ पुन्हा वाचली.

"म्हणजे माझ्या पोरीचं नाही," ती म्हणाली. "सायकलचं."

"सायकलचं."

भावोजी हसायला लागले आणि थांबेनात. ताई हसली नाही. तिने कनवटीची किल्ली काढली आणि कपाट उघडायला गेली. प्रमाणपत्रांवरून हात फिरवून त्यांची धूळ पुसली. धूळ नव्हतीच.

*पुन्हा सुरू.* गुरुवार, तोच हॉल, त्याच चपला.

मधल्या सोमवारी नेत्रा बापाचा जुना फोन घेऊन अमौसीला गेली आणि हजर झाली. आता ताईला चिनहटला जायचं कारण नव्हतं. तरी तिने मला बोलावून घेतलं. पौर्णिमेची पूजा ठरलीय, जायला हवं, म्हणाली. तिच्या पर्समध्ये तो पापुद्रा कागदाच्या पुडीत होता.

बाबांनी कुंडलीचा प्रश्न विचारला. हॉलने उत्तर दिलं. ताई उठली. पंचवीस वर्षं लखनौत राहूनही तिची हिंदी मिरजेचीच.

"बाबाजी, करियर का स्पेलिंग बताइए."

बाबा हसले. माताजी, नाम में क्या रखा है, वगैरे. ताई बसली नाही.

"मेरी लड़की का करियर में एक आर बीच में है. फोन का में दो हैं. आपने कौन सा खोला?"

लिहिण्याचा फेर आहे, शब्द एकच, बाबा म्हणाले, आणि माइक शिष्याकडे दिला. ताईने पुडी उघडली. पापुद्रा बोटावर धरून आधी पहिल्या रांगेला दाखवला, मग दुसऱ्या. हे सिमच्या पाठीला होतं, तुमच्या फोनमध्येही बघा, एवढंच म्हणाली. आणि कानातलं काढून शेजारच्या बाईच्या हातात दिलं, दांडी पुढे करून.

मग हॉलभर कानातली निघायला लागली. कुणी सेफ्टीपिन, कुणी ब्रोचची सुई. कर्र, कर्र, छोटे ट्रे बाहेर. नखांनी खरवडणं. एक बाई पापुद्रा उजेडाकडे धरून बघत राहिली, तिचा नवरा ओमानला असतो. एक म्हातारे गृहस्थ काही केल्या फोन उघडेनात, दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले. वर बघितलं तेव्हा चौरंग रिकामा होता. तांदळाचं ताट तेवढं होतं.

आदेशला आम्ही फोन केला. तो म्हणाला, हप्ते केव्हाच फिटलेत, मी फक्त कंपनीला कळवलं नव्हतं. त्याने न्यू जर्सीत बसून त्यांच्या वेबसाइटवर विनंती केली. काही दिवसांनी त्या ओळीवर उत्तर आलं: सिमवर कोणतंही बंधन नाही. कुलूप असं उघडतं. ज्याने लावलं त्याला सांगून.

तेव्हा, बाहेरून फोन येत असेल किंवा तुम्ही कुणाकडून घेत असाल, तर सेटिंगमधली ती ओळ आधी वाचा, अक्षर अक्षर. पाठवणाऱ्याला सांगा, बंधन काढूनच पाठव. आपल्या सिमची कंपनी फोर-जीवरूनच आवाज नेत असेल तर फोनला ते जमतं का, विचारा. स्वतःचं सिम घाला, एक फोन लावा, एक घ्या.

आणि मग तो बंद करा. विकणारा समोर असतानाच बंद करा आणि पुन्हा सुरू करा. फोन असो, बाबा असो, तुमच्या नशिबाबद्दल कुणी सांगितलेली गोष्ट असो. जो म्हणतो बंद करू नका, उघडू नका, कुणाला दाखवू नका, नवं काही शिकू देऊ नका, त्याच्यापाशी नक्की काहीतरी चिकटवलेलं आहे.

खरं असेल ते पुन्हा सुरू होतं.